पुनर्वसूच्या ताऱ्याभोवतीचा ग्रह आणि त्याचे कल्पित चंद्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील शाळांत व यात्रांत आम्ही काही हौशी आकाशनिरीक्षक दुर्बीण घेऊन जातो, तेव्हा आठ फूट लांबीचे एक रंगवलेले कापडी चित्रही सोबत असते. पुनर्वसू नक्षत्रातील पोलक्स या ताऱ्याभोवतीचा ग्रह आणि त्याचे तीन चंद्र त्यात दाखवले आहेत. चित्र पाहून लोक जे प्रश्न विचारतात आणि नंतर चिठ्ठ्यांतून व संदेशांतून जे पुन्हापुन्हा येत राहतात, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत.

१. हा ग्रह खरोखर आहे, की चित्रकाराच्या मनातला आहे?

ग्रहाची नोंद खरी आहे, त्याचे रूप कल्पिलेले आहे आणि चंद्र तर पूर्णपणे कल्पनेतले आहेत. ग्रहाचा आपल्या ताऱ्याभोवतीचा फेरा सुमारे ५९० दिवसांचा आहे, ताऱ्यापासूनचे त्याचे अंतर सुमारे २४.५ कोटी किलोमीटर आहे आणि त्याचे वस्तुमान गुरूच्या किमान २.३ पट आहे. हे तीन आकडे मोजमापातून आले आहेत. रंग, ढग, चंद्र आणि चंद्रांवरचे डोंगर हे मोजमापातून आलेले नाहीत. तथापि, कल्पना करताना भौतिकशास्त्राचे नियम मोडायचे नाहीत असे आम्ही ठरवले होते, आणि ते कोठे पाळले व कोठे चुकले हे प्रश्न ९ ते १३ मध्ये सांगितले आहे. ग्रहाच्या अस्तित्वाबद्दलही एक गंभीर शंका घेतली गेली आहे. तिच्यासाठी प्रश्न १५ पाहावा.

२. पुनर्वसूचा तो तारा कोणता आणि खानदेशातून केव्हा दिसतो?

पुनर्वसूत दोन ठळक तारे शेजारी शेजारी दिसतात. त्यांपैकी किंचित पांढुरका तो कॅस्टर, आणि त्याहून तेजस्वी व पिवळसर नारिंगी छटेचा तो पोलक्स. मृग नक्षत्र ओळखता येत असेल तर त्याच्या ईशान्येकडे नजर न्यावी म्हणजे ही जोडी सापडते. जानेवारीच्या मध्यास ती जवळजवळ रात्रभर आकाशात असते, एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी पश्चिमेकडे झुकलेली दिसते आणि जूनमध्ये सूर्यास्तानंतर लवकरच मावळते. खानदेश सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि पोलक्स खगोलीय विषुववृत्ताच्या २८ अंश उत्तरेस आहे, त्यामुळे आपल्याकडे तो माथ्यावरून अवघा सात अंश उत्तरेकडून जातो.

जोडी दिसत असली तरी हे तारे एकमेकांचे सोबती नाहीत. पोलक्स आपल्यापासून सुमारे ३४ प्रकाशवर्षांवर, म्हणजे सुमारे ३२० लाख कोटी किलोमीटरवर आहे, तर कॅस्टर त्याच्याही बराच मागे, पन्नासहून अधिक प्रकाशवर्षांवर आहे.

३. जुलैमध्ये पडणाऱ्या ‘तरण्या पावसा’चा या ताऱ्याशी काही संबंध आहे का?

संबंध नावाचा आहे. पुनर्वसूच्या पावसाला तरणा पाऊस आणि त्यापाठोपाठच्या पुष्याच्या पावसाला म्हातारा पाऊस म्हणतात, हे कपाशी लावणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून सुमारे दोन आठवडे सूर्य आकाशाच्या पुनर्वसू या भागात असतो आणि म्हणून त्या दिवसांच्या पावसाला ते नाव मिळाले. नेमक्या त्याच कारणामुळे त्या दिवसांत पोलक्स दिसत नाही, कारण तो सूर्याबरोबरच दिवसा आकाशात असतो. पाऊस मात्र मान्सूनच्या वाऱ्यांनी येतो. नक्षत्र ही त्याची तारीख आहे, ते त्याचे कारण नव्हे.

४. माझे जन्मनक्षत्र पुनर्वसू आहे. या ग्रहाचा माझ्या पत्रिकेवर काय परिणाम होतो?

काहीही नाही. जन्मनक्षत्र म्हणजे जन्मवेळी चंद्र आकाशाच्या ज्या भागात होता तो भाग. त्या दिशेला ३४ प्रकाशवर्षांवर असलेल्या ग्रहाचा आपल्या जन्माशी कोणताही कार्यकारण संबंध दाखवता येत नाही.

५. पाटणादेवीच्या भास्कराचार्यांना हा ग्रह ठाऊक होता का?

नव्हता, आणि ठाऊक असण्याचा मार्गही नव्हता. हा प्रश्न चाळीसगाव परिसरात हमखास येतो आणि त्यामागचा अभिमान समजण्यासारखा आहे. पाटण येथील तेराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात, भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे, आणि तो लेख भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांनी शके १०७२, म्हणजे इ. स. ११५० मध्ये सिद्धान्तशिरोमणी लिहिला. त्या परंपरेतील ग्रंथांत प्रत्येक नक्षत्राच्या योगताऱ्याचे, म्हणजे त्याची खूण मानलेल्या मुख्य ताऱ्याचे, स्थान दिलेले असते, आणि पुनर्वसूचा योगतारा म्हणजे पोलक्सच असे सामान्यतः मानले जाते. याचा अर्थ त्यांनी तारा पाहिला होता आणि त्याच्या स्थानाचा विचारही केला होता. ग्रह शोधण्यासाठी मात्र ताऱ्याच्या प्रकाशाचे पृथक्करण करावे लागते आणि ती विद्या एकोणिसाव्या शतकातली आहे. ज्यांनी जे केले नाही ते त्यांच्या नावावर मांडल्याने, जे केले त्याचेच मोल कमी होते, असे आमचे मत आहे.

६. तुमच्या दुर्बिणीतून गुरू आणि शनी दाखवता, मग हा ग्रह का दाखवत नाही?

आकाशात ग्रह आणि तारा यांच्यातील अंतर जास्तीत जास्त एका अंशाच्या बावीस हजाराव्या भागाएवढे भरते. जळगावात कोणी एक रुपयाचे नाणे हातात धरून उभे राहावे आणि भुसावळच्याही पलीकडून आपण त्या नाण्याचा डावा व उजवा काठ वेगळा ओळखावा, इतके हे बारीक काम आहे. शिवाय त्या नाण्याच्या एका काठावर डोळे दिपवणारा दिवा आहे आणि दुसऱ्या काठावर त्या दिव्याच्या उजेडात जेमतेम चमकणारा धुळीचा कण आहे. या ग्रहाचे थेट छायाचित्र जगातील कोणत्याही दुर्बिणीने घेतलेले नाही. आम्ही पोलक्स दाखवतो तेव्हा आपण केवळ तारा पाहत असता, आणि तोही ३४ वर्षांपूर्वी निघालेल्या प्रकाशात.

७. दिसत नाही, तर सापडला कसा?

ग्रह ताऱ्याभोवती फिरतो असे आपण म्हणतो, परंतु वस्तुतः दोघेही आपल्या सामाईक वस्तुमानकेंद्राभोवती फिरतात. त्यामुळे तारा कधी किंचित आपल्याकडे येतो, कधी किंचित दूर जातो. येताना त्याच्या वर्णपटातील, म्हणजे प्रकाश रंगांत विभागल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यातील, रेषा निळ्या बाजूला सरकतात आणि जाताना तांबड्या बाजूला. पोलक्सच्या बाबतीत हा वेग सेकंदाला सुमारे ४० ते ४५ मीटर, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास भरतो. भुसावळहून सुटणाऱ्या एखाद्या वेगवान गाडीहून थोड्याच अधिक गतीने एक राक्षसी तारा मागेपुढे होतो आणि ते ३४ प्रकाशवर्षांवरून मोजता येते, ही गोष्ट आम्हाला कोणत्याही चित्रापेक्षा अधिक विलक्षण वाटते.

या हालचालीची चाहूल १९९३ सालीच लागली होती, परंतु पोलक्ससारखे फुगलेले तारे स्वतःही स्पंदन पावत असल्याने घाई करणे योग्य नव्हते. दोन दशकांहून अधिक काळाची मोजमापे जमल्यावर २००६ साली आर्टी हॅट्झेस आणि साबिने रेफर्ट यांच्या नेतृत्वाखालील दोन गटांनी हा ग्रह असल्याचे जाहीर केले.

८. ‘थेस्टियास’ हे काय नाव आहे? मराठी नाव का नाही?

आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २०१५ साली जनतेकडून नावे मागवली, तेव्हा या ग्रहासाठी पोलक्सच्या आईचे ‘लीडा’ हे नाव सुचवण्यात आले. ते गुरूच्या एका चंद्राला व एका लघुग्रहाला आधीच दिलेले असल्यामुळे लीडाच्या वडिलांवरून, थेस्टियसची कन्या या अर्थाने, ‘थेस्टियास’ हे नाव ठरले. भारतीय नावे अन्यत्र आहेत. २०१९ साली एका ताऱ्याला भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून ‘बिभा’ आणि त्याच्या ग्रहाला ‘सान्तमस’ हे नाव मिळाले.

आमच्या चित्रातील चंद्रांना पांझरा, गिरणा आणि अनेर ही तापीच्या उपनद्यांची नावे आम्ही दिली आहेत. ती केवळ बोलण्याच्या सोयीसाठी आहेत, त्यांना कोणतीही अधिकृत मान्यता नाही, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ती लिहू नयेत.

९. आधी तुमच्या चित्रात ग्रह गुरूसारखा भगव्या पट्ट्यांचा होता. आता निळा का केला?

कारण आमची चूक झाली होती. पहिल्या चित्रात आम्ही सवयीने गुरूच रंगवला आणि थोडा मोठा केला. एका शिक्षिकांनी विचारले की गुरूचे ढग अमोनियाच्या स्फटिकांचे आहेत, आणि तेथे तर भट्टी पेटली आहे, मग ते ढग टिकतील कसे? आमच्याकडे उत्तर नव्हते.

हिशेब असा आहे. पोलक्स हा सूर्याच्या सुमारे नऊ पट व्यासाचा, तीसहून अधिक पट ऊर्जा ओतणारा फुगलेला तारा आहे. त्याच्यापासून ग्रहाचे अंतर मंगळ आणि सूर्य यांच्यातील अंतराहून थोडेच अधिक आहे. तेव्हा ग्रहाच्या प्रत्येक चौरस मीटरवर पडणारी ऊर्जा पृथ्वीवर पडणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे बारा पट होते आणि त्यावरून वातावरणाचे तापमान साधारण २०० ते २५० अंश सेल्सिअस निघते. मे महिन्यात ४५ अंशांवर गेलेले जळगाव-भुसावळ त्याच्यापुढे थंड हवेचे ठिकाण ठरावे. या तापमानाला अमोनियाचे ढग सोडाच, पाण्याचे ढगही जमत नाहीत, आणि सिलिकेटचे, म्हणजे खडकातल्या खनिजांचे, ढग होण्यासाठी हे तापमान फार कमी आहे. डेव्हिड सुदार्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली वायुग्रहांची तापमानानुसार जी वर्गवारी मांडली, तिच्यातील तिसऱ्या वर्गात हा ग्रह बसतो. त्या वर्गातील ग्रह जवळजवळ निरभ्र असावेत, आणि प्रकाशाच्या विकिरणामुळे व मिथेनच्या शोषणामुळे निळसर दिसावेत, असे ते गणित सांगते.

म्हणून दुसऱ्या चित्रात ग्रह मळकट निळा आहे. मळकट अशासाठी की त्याच्यावर पडणारा प्रकाश सूर्यप्रकाशाहून पिवळा आहे. पट्टे काढून टाकल्यावर चित्र फिके दिसते, अशी तक्रार मुलांनी केली आणि ती खरी आहे.

१०. ग्रह गुरूच्या दुपटीहून जड आहे, तर चित्रात तो गुरूएवढाच का?

मोठ्या वायुग्रहात अधिक वायू भरला की तो फारसा फुगत नाही, दाबला जातो. जिनिंग-प्रेसिंगमध्ये कापसाची गाठ बांधताना जसे घडते तसेच काहीसे हे आहे. दाब पुरेसा असेल तर रुई वाढवूनही गाठीचा आकार फारसा बदलत नाही. ग्रहाचा व्यास प्रत्यक्ष मोजलेला नाही. चित्रात तो गुरूएवढा, म्हणजे सुमारे १ लाख ४० हजार किलोमीटर धरला आहे. ‘किमान’ २.३ पट असे म्हणण्याचे कारण असे की ग्रहाची कक्षा आपल्या दृष्टिरेषेशी किती कलली आहे हे या पद्धतीत कळत नाही. कल जितका अधिक, तितके खरे वस्तुमान मोठे.

११. त्याला चंद्र आहेत याचा पुरावा काय?

पुरावा नाही. सूर्यमालेबाहेरील कोणत्याही ग्रहाचा चंद्र अद्याप निर्विवादपणे सिद्ध झालेला नाही. केप्लर-१६२५बी या ग्रहाभोवती नेपच्यूनएवढा चंद्र असावा, असे ॲलेक्स टीची आणि डेव्हिड किपिंग यांनी २०१८ साली मांडले, आणि केप्लर-१७०८बी भोवतीचा दुसरा उमेदवार २०२२ साली पुढे आला, परंतु दोन्ही दाव्यांना इतर अभ्यासकांनी हरकत घेतली आहे. चंद्र जन्माला येण्याची जागा मात्र दिसली आहे. पीडीएस ७०सी या कोवळ्या ग्रहाभोवती वायू व धुळीची तबकडी असल्याचे चिलीतील अल्मा दुर्बिणींनी २०२१ साली स्पष्ट दाखवले.

थेस्टियासच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. तो आपल्या ताऱ्यासमोरून जाताना आढळलेला नाही, त्यामुळे ग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा उजेड किती घटतो हे मोजण्याची, केप्लर अवकाश दुर्बिणीने शोधलेल्या ग्रहांसाठी वापरलेली पद्धत येथे चालत नाही.

१२. मग तीनच चंद्र का आणि त्याच अंतरांवर का?

तीन ही आमची निवड आहे. आकार आणि अंतरे मात्र मन मानेल तशी घेतलेली नाहीत. गुरूचे चार मोठे चंद्र मिळून त्याच्या वस्तुमानाच्या साधारण पाच हजाराव्या भागाएवढे होतात, आणि शनीचेही प्रमाण जवळपास तेवढेच आहे. तेच प्रमाण येथे लावले तर थेस्टियासच्या सर्व चंद्रांचे मिळून वस्तुमान आपल्या सुमारे बारा चंद्रांएवढे निघते. म्हणूनच आम्ही पृथ्वीएवढा चंद्र काढलेला नाही, जरी त्याची मागणी सतत होते.

अंतराला बाहेरची सीमा ताऱ्याच्या ओढीने पडते. ग्रहापासून सुमारे ९० लाख किलोमीटरच्या पलीकडे गेलेला चंद्र दीर्घकाळ टिकणार नाही. आमचे तिन्ही चंद्र त्याच्या बरेच आत, सुमारे ५ लाख, ८ लाख आणि साडेबारा लाख किलोमीटरवर आहेत. या अंतरांमुळे पांझरेचा फेरा दीड दिवसाचा, गिरणेचा तीन दिवसांचा आणि अनेरचा सहा दिवसांचा होतो. हे एकास दोनास चार असे प्रमाण गुरूच्या आयो, युरोपा आणि गॅनिमीड या चंद्रांत प्रत्यक्ष आढळते आणि पुढच्या उत्तरासाठी ते आवश्यक आहे.

१३. पांझरेवर ज्वालामुखी, गिरणेवर काळ्या भिंती आणि अनेरवर पांढरी जमीन, हे कशावरून? आणि एका मुलाने विचारले तसे, “तठे पानी शे का?”

आधी मुलाला उत्तर : पाणी नाही. पृथ्वीच्या बारा पट ऊर्जा पडणाऱ्या लहान चंद्रावर बर्फ टिकत नाही आणि वाफ धरून ठेवण्याइतके गुरुत्वाकर्षण त्याच्याकडे नाही. ग्रह मुळात दूर, थंडीत जन्मून नंतर आत सरकला असेल, तर चंद्रांनी बर्फ आणला असेलही, पण तो केव्हाच उडून गेला असेल. अनेरची पांढरी जमीन हीच कल्पना दाखवते. शेततळे आटल्यावर तळाशी जशी खार फुटते, तसे आटलेल्या पाण्यामागे उरलेले ते क्षार आहेत. येथे आम्ही कल्पनेची दोरी सर्वांत सैल सोडली आहे, हे मान्य करतो.

पांझरेचे ज्वालामुखी त्याहून भक्कम पायावर उभे आहेत. वर सांगितलेल्या प्रमाणबद्ध फेऱ्यांमुळे चंद्र एकमेकांना ठरावीक जागी ओढत राहतात, कक्षा पूर्ण वर्तुळाकार होऊ शकत नाही आणि ग्रहाच्या कमीजास्त होणाऱ्या ओढीने आतला चंद्र सतत मळला जाऊन तापतो. आयोबद्दल हे भाकीत १९७९ साली प्रसिद्ध झाले आणि थोड्याच दिवसांत व्हॉयेजर-१ च्या छायाचित्रांत लिंडा मोराबिटो यांना तेथील उद्रेक दिसला.

गिरणेवरच्या काळ्या भिंती आम्ही घरून नेल्या आहेत. धुळे-नंदुरबार भागात माळरानावर मैलोन्‌मैल सरळ जाणारे अरुंद काळे कडे दिसतात. ते डाइक आहेत, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा ज्या भेगांतून वर आला त्या भेगांत थिजलेला खडक. भोवतीचा मऊ खडक झिजला आणि भिंती उभ्या राहिल्या. येथे एका भूगोलाच्या विद्यार्थ्याने आम्हाला पुन्हा पकडले : गिरणेवर पाऊस नाही, वारा नाही, मग भोवतीचा खडक झिजवला कोणी? प्रश्न बिनतोड आहे. पुढच्या चित्रात भिंती नसतील, केवळ भेगा असतील.

१४. त्या चंद्रावर उभे राहिले तर आकाश कसे दिसेल? ग्रहण दिसेल का?

पांझरेवरून थेस्टियास सोळा अंश रुंद दिसेल, म्हणजे हात लांब करून पसरलेल्या वितीहून थोडा कमी, आणि आपल्या चंद्राच्या तीसपट रुंद. चंद्राची एकच बाजू ग्रहाकडे राहत असल्यामुळे तो आकाशात एकाच जागी टांगल्यासारखा राहील, उगवणार नाही की मावळणार नाही. पोलक्स सुमारे तीन अंश रुंद, म्हणजे आपल्याला दिसणाऱ्या सूर्याच्या साडेपाच पट रुंद दिसेल.

कक्षा फार कललेली नसेल तर पांझरेवर दर छत्तीस तासांनी ग्रहाआड तारा लपेल आणि सव्वा तास पूर्ण अंधार होईल. याउलट, ग्रहावर पडणारी चंद्राची सावली कधीच खग्रास होणार नाही, कारण तीन अंशांच्या ताऱ्यापुढे अर्ध्या अंशाचा चंद्र म्हणजे तव्यावर तीळ. अशा अंधारात धनू राशीच्या दिशेला एक अंधूक तारा नुसत्या डोळ्यांनी जेमतेम दिसेल. तो आपला सूर्य.

१५. हा ग्रह मुळातच नाही असे कोठेतरी वाचले. खरे काय?

शंका खरी आहे आणि ती जाणकारांनीच घेतली आहे. पोलक्सला अतिशय क्षीण चुंबकक्षेत्र आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते सुमारे ६६० दिवसांच्या आवर्तनाने बदलत असल्याचे दिसले, म्हणजे तारा स्वतःभोवती तितक्या दिवसांत फिरत असावा. हा आकडा ग्रहाच्या ५९० दिवसांच्या इतका जवळ आहे की, जी हालचाल आपण ग्रहामुळे समजतो ती ताऱ्याच्या पृष्ठभागावरील घडामोडींमुळे तर नाही ना, असा प्रश्न उभा राहतो. फुगलेल्या ताऱ्यांनी असे फसवल्याचे उदाहरणही आहे. गॅमा ड्रॅकोनिस या ताऱ्याभोवती ७०२ दिवसांचा ग्रह असल्याचे अनेक वर्षे वाटत होते, पुढे ते स्पंदन काही काळ नाहीसे झाले आणि बदललेल्या तालाने परतले. ग्रह असे करत नाहीत. हे २०१८ साली दाखवणाऱ्यांत पोलक्सचा ग्रह जाहीर करणारे हॅट्झेसच आघाडीवर होते.

पोलक्सच्या बाजूने सांगायचे तर त्याची लय दोन दशकांहून अधिक काळ स्थिर राहिली आहे आणि दोन्ही आकडे जवळ असले तरी एक नाहीत. म्हणून आम्ही त्याला अजून ग्रह म्हणतो, मात्र चित्राखालच्या पाटीवर ‘बहुधा’ हा शब्द जोडला आहे.

१६. उद्या तो नाही असे ठरले, तर चित्राचे काय करणार?

पाटी बदलू आणि चित्र तसेच टांगू. त्यातील निळा रंग, दीड दिवसाचा फेरा आणि सव्वा तासाचा अंधार हे अशा ताऱ्यापासून तेवढ्या अंतरावर असलेल्या तेवढ्या वजनाच्या कोणत्याही ग्रहाला लागू पडतात. तारा बदलला तर गणित पुन्हा करावे लागेल आणि बहुधा रंगही. कापडाच्या मागच्या बाजूला अजून जागा आहे.